चिंचेवर टांगलेले श्वास

भर दुपार होती. चिंचेखाली शेदीडशे माणसं उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. फांद्यांना माणसाहून लांब अशा प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या टांगल्या होत्या, तोंडाशी लाल दोऱ्यानं आवळलेल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. पहाटे जाऊन बघितलं तर या पिशव्या सुरकुतलेल्या असायच्या, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारख्या. ऊन चढेल तशा त्या भरत जायच्या. सुरकुत्या मोडायच्या, प्लास्टिक आतून कडकड वाजायचं. झाडाचं पानही हलत नसताना वाजायचं.

"आत जित्तं हाय," शेजारी उभा असलेला अभिमन्यू हळूच म्हणाला. "दम घेतंय बघ, मावशी."

अभिमन्यू सूतगिरणीत जॉबर आहे, म्हणजे खात्यावरचा मुकादम. गिरणी लहान, खासगी. अक्कलकोट रस्त्याला सोलापूर संपतं तिथून थोडी आत. तिच्या गेटासमोर माझी चहाची टपरी, आणि टपरीच्या मागं ही चिंच. त्याआधी मी त्याच गिरणीत बॉबिना भरल्या. मी बजाबाई. गिरणीतली माणसं मला मावशी म्हणतात, आणि चहात साखर जास्त हवी असली की आई म्हणतात.

गिरणीला रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी चिंचेखाली गर्दी. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पाटीवर 'प्राणेश्वर आप्पा' असं लिहिलं होतं. लोक त्याला फुंकआप्पा म्हणत. सीमेपलीकडून कुठूनसा आला होता. कुठून ते विचारलं की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि लोकांना वाटायचं की उत्तर मिळालं.

"देवानं तुमाला श्वास मोजून दिलेत," आप्पा सांगत होता. "रेशन हाय रेशन. जास्ती न्हाय, कमी न्हाय. आता तुजं रेशन तूच खातोस, का तुज्या छातीत बसून दुसरंच कोण खातंय, ते ही पिशवी सांगती. डॉक्टर फोटो काढतोय छातीचा. फोटोत भूत दिसतंय व्हय कुटं?"

लोक हसले. आप्पा हसला नाही. त्यानं नंदीशला खूण केली. नंदीश म्हणजे त्याचा चेला, दंडाला काळा दोरा बांधलेला आडदांड गडी. त्यानं एका टोकाला गाठ मारलेली रिकामी पिशवी आणली आणि दुसरं तोंड दोन्ही हातांनी ताणून उघडं धरलं. आप्पा पुढं झाला आणि हातभर लांब थांबला.

"माजं तोंड लागायला नको. माजा श्वास तीर्थ हाय, उष्टा व्हायचा."

मग त्यानं एकच फुंकर घातली. लांब, सावकाश. पिशवी या टोकापासून त्या टोकापर्यंत सळसळत भरली, गिळलेली शेळी अजगराच्या पोटातून सरकावी तशी. नंदीशनं झटकन तोंड पिळलं. एका फुंकरीत पुरुषभर पिशवी टम्म. गर्दीतून नुसता हुंकार उठला.

"आता ज्येला मोजायचंय त्येनं यावं. पर तुमी ओठ घट्ट लावायचे. भाईरचा वारा आत शिरला की मोजमाप खोटं."

लोक जात होते. गाल फुगवून, डोळे लाल करून फुंकत होते. पिशवी वीतभर फुगायची, फार तर हातभर. बाकीची तशीच चिंधीसारखी लोंबायची. आप्पा ती लोंबती बाजू उचलून सगळ्यांना दाखवायचा आणि अगदी मायेनं विचारायचा, "बस्स? मग बाकीचा कोण पितंय?"

या प्रश्नाला कुणाचा चेहरा टिकायचा नाही. घरात कुणी ना कुणी मेलेलं असतंच. आप्पाला नाव सांगावं लागत नव्हतं, माणूस आपणच सांगायचा. मग उरलेली पिशवी आप्पा आपल्या फुंकरीनं भरायचा, "त्येला हितं कोंडला" म्हणायचा, आणि ती चिंचेवर जायची.

मला ते पटत नव्हतं. पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. मी आपली एवढंच म्हणाले, "अभिमन्यू, गिरणीतला घोडा आणून फुंकायला लावला तरी ही पिशवी भरायची न्हाय."

"गिरणीत घोडा कुटं हाय, मावशी?"

"तू हायेस की."

तेवढ्यात गर्दीतून रत्नम्मा पुढं गेली, आणि माझं हसू तिथंच संपलं.

रत्नम्मा कार्डिंग खात्यात काम करते. तिथं कापूस विंचरून त्याचा पेळू बनतो आणि हवेत सदा न कदा पांढरं धुकं असतं. तिचा नवरा श्रीशैल त्याच खात्यात होता. दोन वर्षांपूर्वी छातीनं गेला. एका सोमवारी, पाळी संपवून घरी येऊन, उंबऱ्यावर बसल्या बसल्या. मालकानं त्याची जागा रत्नम्माला दिली. घरात ती आणि सासू शांतम्मा, दोघीच.

तिनं फुंकलं. पिशवी वीतभरही फुगली नाही आणि तिला खोकल्याची उबळ आली.

"कोणत्या वारी छाती भरती?" आप्पानं विचारलं.

"सोमवारी."

"दर सोमवारी?"

"व्हय. मंगळवारी जरा कमी. मग न्हाय."

आप्पानं डोळे मिटले. "सोमवारी कोण गेलं तुजं?"

शांतम्मानं मागून हंबरडा फोडला. आप्पानं मग आवाज अगदी खाली आणला. नवरा रागावलाय म्हणाला. त्याच्या जागेवर तू उभी राहिलीस, त्याच्या यंत्राला हात लावलास, आता तो तुझ्या श्वासावर उभा आहे. नुसती पिशवी टांगून हा जायचा नाही. येत्या सोमवती अमावास्येला शेवटचा विधी करायचा. पिशवी डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधायची आणि त्याचा श्वास त्याला परत द्यायचा, तो निघून जाईपर्यंत.

"तडफड हुईल," आप्पा म्हणाला. "घाबरायचं न्हाय. ती तुजी नसती, त्येची असती. आणि तवर ते दवाखान्याचं पंप बंद. पंप वढलास की तूच त्येला पाजतीस."

सरकारी दवाखान्यातून मिळालेला ओढायचा पंप रत्नम्मानं त्याच संध्याकाळी सासूच्या हातात दिला. शांतम्मानं तो गटारात टाकला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी पाळीच्या आधी ती टपरीवर आली. मी बोलायचं ठरवलं होतं, ते बोलले.

"रत्नम्मा, पिशवीत डोकं घालून माणूस मरतंय, बाई."

"मावशी, तुमी ऐकलं न्हाय म्हणून," ती म्हणाली.

"काय ऐकलं न्हाय?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं. "हे जित्ते हुते तवा रातच्याला त्येंच्या छातीत शिट्टी वाजायची. बारीक. पावा वाजवल्यागत. पयल्यांदा भ्या वाटायचं, मग सवं झाली. त्या आवाजाबिगर झोप यायची न्हाय मला. ते गेल्यावर घर असं गप्प झालं. आणि आता सोमवारी पाळी सुटली की माज्या छातीत तीच शिट्टी येती. तीच, मावशी. मी वळखती की. कूस बदलली की ती बी बदलती. मी इचारती, का रागावलाव. तर नुसती शिट्टी."

माझ्या हातातला चहा निवला. ऊन होतं, रस्त्यावर ट्रक जात होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. गिरणीत असताना ती शिट्टी मीही कितीतरी छात्यांतून ऐकली होती. त्या सगळ्या छात्या आता नाहीत.

त्याच दिवशी गिरणीत डॉक्टर अक्षता आल्या. बार्शीच्या, वयानं लहान, बोलायला मोकळ्या. कामगारांचे श्वास मोजायला आल्या होत्या. त्यांच्याकडं लहानसं यंत्र होतं, नळीत फुंकलं की पडद्यावर रेघ काढणारं. पण रेघ कुणाला कळेना. मग त्यांनी दुसरी तऱ्हा काढली. पाण्याचा मोठा पारदर्शक कॅन घेतला, त्यावर लिटरच्या खुणा केल्या, तो पाण्यानं काठोकाठ भरून टबात उपडा धरला आणि खालून रबरी नळी आत सरकवली. "छाती भरून घ्या आणि नळीत सगळं रिकामं करा," त्या म्हणाल्या. जेवढी हवा आत गेली तेवढं पाणी खाली उतरायचं. आपला श्वास आपल्याला दुधासारखा मापात दिसायचा.

गेटाजवळ जत्रा भरल्यासारखं झालं. अभिमन्यूनं साडेतीन लिटर काढले आणि तो दिवसभर छाती काढून फिरला. मलाही फुंकायला लावलं.

"मावशी, तुमची हवा कमीच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"तरी सगळी गिरणी मला घाबरती," मी म्हणाले.

रत्नम्मानं सकाळी फुंकलं तेव्हा पाणी दोन लिटरच्या खुणेच्या बरंच खाली उतरलं. संध्याकाळी पाळी सुटल्यावर ती आली तेव्हा छातीत शिट्टी होती. मला दोन पावलांवरून ऐकू आली. तिनं फुंकलं, पुन्हा फुंकलं, पाणी दोनच्या खुणेपर्यंत पोचलंच नाही.

"ताई, हे दर सोमवारी होतं?"

"व्हय. त्यो येतो."

"कोण येतो?"

शांतम्मा सुनेला न्यायला आली होती. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत, हे मला आवडलं. मग त्यांनी मलाच विचारलं, "मावशी, गिरणीला सुट्टी कोणत्या वारी?"

"आयतवारी."

"आजी, कापसाच्या धुळीची ही खोड आहे," डॉक्टर शांतम्माला म्हणाल्या. "रोज धूळ खाणारी छाती तिला सोसायला शिकते. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी होते, सवय मोडते. आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी धूळ आत गेली की नळ्या आवळतात. शिट्टी त्या आवळलेल्या नळ्यांची. तुमच्या मुलाचीही तीच होती."

"माज्या पोराला धूळ म्हनू नका, बाई," शांतम्मा म्हणाली आणि सुनेचा हात धरून चालू लागली.

सांगून पटत नसतं. मला डॉक्टरांची कीव आली. पण त्याच संध्याकाळी अभिमन्यूनं गेटावर एक नोटीस चिकटवली. साक्षरतेच्या वर्गात मी पाटी धरली तेव्हा माझे केस पिकले होते, त्यामुळं मी अजून अक्षराला अक्षर लावून वाचते. विजेच्या भाराचं काहीतरी कारण होतं. पुढच्या आठवड्यापासून सुट्टी रविवारऐवजी बुधवारी.

मी ती वाचली आणि डॉक्टर गाडीत बसत होत्या तिथं गेले. त्यांनी ऐकलं, गाडी बंद केली आणि सरळ रत्नम्माच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते.

"ताई, मी तुमच्याशी वाद घालत नाही," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "आप्पा म्हणतात तो सोमवारी येतो. मी म्हणते पुढच्या आठवड्यात सोमवारी कुणी येणार नाही. गुरुवारी येईल. रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्यासमोर पाण्यात मोजू. सोमवारी छाती भरली तर मी तुमच्याबरोबर चिंचेखाली येते, हात जोडते. गुरुवारी भरली तर औषध घ्यायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि तो विधी नाही करायचा."

रत्नम्मा लगेच हो म्हणाली. तिला खात्री होती. "ते वार इसरायचे न्हाईत," ती म्हणाली.

"आणि छाती जास्त आवळली तर त्या क्षणी खात्यातून बाहेर यायचं. वार कोणताही असो."

त्या आठवड्यात गिरणी रविवारीही चालली. मग सोमवार उजाडला. रत्नम्मा पाळीवर आली तेव्हा तिच्या अंगावर श्रीशैलनं वळसंगच्या जत्रेतून आणलेली हिरवी साडी होती. कामावर कुणी अशी साडी नेसत नाही. मी काही विचारलं नाही.

दुपारच्या सुट्टीत ती टपरीच्या बाकड्यावर बसली. डबा उघडला नाही. एक हात छातीवर ठेवून रस्त्याकडं बघत राहिली, गाडीची वाट बघावी तशी.

"आला का?" मी विचारलं.

"न्हाय अजून."

ती आत गेली, पाळी संपली, ती बाहेर आली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. छाती सरळ भरली, सरळ रिकामी झाली. डॉक्टरांनी कॅन उपडा केला. सकाळी पाणी जिथं होतं तिथंच आलं.

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. रत्नम्मा बाकड्यावर बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. स्वतःच्याच छातीला कान देता येत नाही, तरी ती मान वाकवून प्रयत्न करत होती. "आज काय झालं त्येंना?" ती म्हणाली. मेलेला माणूस आला तर भीती वाटते हे मला माहीत होतं. तो न आल्यावर एवढं सुनं वाटतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मंगळवारी काही नाही. बुधवारी सुट्टी. गुरुवारी दुपार कलायच्या आत ती खात्यातून बाहेर आली, भिंतीला हात लावत. शिट्टी वाजत होती. डॉक्टर थांबल्याच होत्या. त्यांनी आधी तिला बसवलं, पाण्यात फुंकायला लावलं, माप बघितलं आणि लगेच औषध ओढायला दिलं. थोड्या वेळानं शिट्टी बारीक होत गेली आणि विझली. पुन्हा फुंकल्यावर पाणी दोनच्या खाली उतरलं.

शांतम्मा ते सगळं बघत होती. "वार चुकला असंल त्येचा," ती पुटपुटली.

अभिमन्यू तिथंच उभा होता. तो आप्पाचा मोठा भक्त, त्याची स्वतःची पिशवी चिंचेवर होती. पण त्याच्या डोक्यात काहीतरी हललं असावं. तो डोकं खाजवत म्हणाला, "अव्वा, नोटीस मी गेटावर लावली हुती. श्रीशैल मेल्यावर बी नोटीस वाचतोय व्हय? जित्ता हुता तवा तर कदी वाचली न्हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग शांतम्माच हसली. रडत रडत हसली.

पुढच्या बुधवारी सुट्टी होती, आणि गर्दीही आता बुधवारी जमायला लागली होती. अमावास्येचा सोमवार चार पावलांवर आला होता. गुरुवारची गोष्ट आप्पाच्या कानावर गेलीच होती, आणि तो तयारीत होता.

"गुरुवार गुरूचा वार," तो डोळे मिटून म्हणाला. "त्यो सोमवारी निघाला हुता. गुरूची परवानगी घ्यायला थांबला. सोमवारी विधी ठरल्याप्रमाणं."

"पुढच्या वेळी मालकानं शनिवारी सुट्टी दिली तर आयतवारी कोणत्या देवाकडं थांबंल?" अभिमन्यूनं विचारलं. आप्पानं ते ऐकलं नाही. नंदीशनं ऐकलं, आणि तो अभिमन्यूकडं सरकला.

तेवढ्यात डॉक्टर पुढं झाल्या. हातात पिशव्यांची गुंडाळी. "आप्पा, या पिशव्या कुठल्या, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. सूत गुंडाळलेले कोन पॅक करायची ही प्लास्टिकची नळी. मी गिरणीतूनच आणलीय. तुम्ही एकदा फुंकून दाखवा. पण बाकीच्यांसारखं, ओठ घट्ट लावून."

"माजा श्वास उष्टा..."

"मग मी फुंकते." त्यांनी ओठ लावून फुंकलं. पिशवी हातभर फुगली. "बघा, मी डॉक्टर, धडधाकट. माझीही एवढीच. माणसाच्या छातीतून एका फुंकरीत तीन-चार लिटर हवा निघते. या पिशवीत पन्नास-साठ लिटर मावते. ओठ लावून ती कुणाचीच भरणार नाही. ज्याच्या छातीत कुणी नाही त्याचीही नाही."

मग त्यांनी गर्दीत नजर फिरवली. "शांतम्मा आजी, इकडं या. तुम्ही फुंका. ओठ लावू नका. पिशवीचं तोंड मोठं उघडं धरते. तुम्ही हातभर लांबून, सावकाश, मधोमध फुंका. चहावर फुंकर घालता तशी."

"मी? मला जिना चढवत न्हाय, बाई."

"म्हणूनच तुम्ही."

शांतम्मानं पदर सावरला आणि फुंकर घातली. पातळ, थरथरती फुंकर. पिशवी सळसळली, सरकत गेली आणि शेवटच्या गाठीपर्यंत टम्म भरली.

शांतम्मा त्या पिशवीकडं बघत होती, जणू ती आता बोलणार आहे. "अय्यो," ती म्हणाली, "मी कदी साधना केली?"

"आजीच्या छातीतली हवा थोडीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण लांबून फुंकलं की फुंकरीचा झोत आजूबाजूची हवा बरोबर ओढून आत नेतो. पिशवी भरली ती या चिंचेखालच्या हवेनं. आप्पा लांबून का फुंकतात आणि तुम्हाला ओठ का लावायला सांगतात, ते एवढंच."

मग लोकांनी स्वतःच पिशव्या घेतल्या. जो तो फुंकायला लागला. पोरं, म्हातारे, बिड्या ओढून ओढून छाती पोखरलेला गिरणीचा राखणदार. सगळ्यांच्या पिशव्या भरल्या.

"आणि ह्या?" कुणीतरी वर बोट दाखवलं. दुपार झाली होती. चिंचेवरच्या पिशव्या ताठल्या होत्या, कडकडत होत्या. चिठ्ठ्यांवरची नावं उन्हात चमकत होती. एवढं कळूनही लोक त्यांच्याखालून बाजूला सरले.

डॉक्टरांनी कुंपणाला टांगलेल्या एका पिशवीकडं हात केला. "ही मी आज सकाळी गारव्यात सायकलच्या पंपानं भरली. तेव्हा हीही सुरकुतलेली होती. आता बघा." ती टम्म होती. त्यांनी माझ्या टपरीतली गार पाण्याची घागर तिच्यावर उपडी केली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिशवी आक्रसली, सुरकुतली. "हवा तापली की पसरते, गार झाली की आवळते. यात कुणी मेलेलं नाही. यात सायकलचा पंप आहे."

अभिमन्यूनं चिंचेवरून आपली पिशवी ओढून काढली. तिच्यात त्यानं आपल्या बापाला कोंडलं होतं. दोरा सोडला. फस्स झालं आणि पिशवी त्याच्या हातात पडली. तो बराच वेळ तशीच धरून उभा राहिला.

आप्पा खुर्चीवरून उठला होता. "तुमी नास्तिक," तो म्हणाला. आवाज उंच झाला होता. "सोमवारी ही बाई मेली तर..."

"सोमवारी तुम्ही तिच्या डोक्यावर पिशवी बांधली असती तर ती मेलीच असती," डॉक्टर म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "आपणच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा घेतली की माणूस गुदमरतो. तडफडतो. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, तडफड झाली तर घाबरायचं नाही, ती नवऱ्याची असते म्हणून. मेली असती तर तुम्ही म्हणाला असता, नवरा घेऊन गेला."

हे ऐकताना शांतम्मानं सुनेचं मनगट असं आवळलं की बोटं उमटली. सुनेला पिशवीपर्यंत नेणारी तीच होती.

तोवर आप्पा आणि नंदीश होटगीच्या बाजूला निघाले होते. अभिमन्यू आणि चारपाच जणांनी त्यांना वाटेतच बसवून ठेवलं, मारलं नाही, डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. डॉक्टरांनी फोन केला, पोलीस आले. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडं कायदा आहे. तो आहे हे आमच्यापैकी पुष्कळांना त्या दिवशी कळलं.

रत्नम्मा आता मास्क लावते, औषध ओढते. डॉक्टरांनी मालकाला लेखी दिलं, तेव्हा तिला कार्डिंगमधून पॅकिंगला हलवलं. कार्डिंगमध्ये धूळ ओढणारा पंखा बसवायचं अजून चाललंच आहे. त्याचा पाठपुरावा करायला हवा, कारण धुळीला विधी चालत नाही.

महिन्यानं डॉक्टर पुन्हा मोजायला आल्या. रत्नम्माचं माप बरं आलं. तिनं नळी खाली ठेवली आणि विचारलं, "डॉक्टरबाई, एवढं फुंकलं तर छातीतली सगळी हवा भाईर येती का?"

"नाही. लिटरभर आतच राहते. किती जोर केला तरी ती फुंकून बाहेर येत नाही. या यंत्रानं ती मोजताही येत नाही. ती राहते म्हणून छाती मिटून जात नाही."

रत्नम्मानं छातीवर हात ठेवला. "ती कुनाची?"

डॉक्टर गोंधळल्या नाहीत. "तुमचीच, ताई. दुसऱ्या कुणाची नाही."

तिनं मान हलवली. मग नळीकडं बघत म्हणाली, "त्येंचा श्वास कुनी मोजलाच न्हाय. रोज रातीला मी ऐकत हुती, मावशी. मला वाटायचं झोपेत वाजतंय."

मी तिच्यापुढं चहाचा कप सरकवला.

मला वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. छातीत शिट्टी वाजली तर ती कुणाची आहे हे विचारत बसू नका, दवाखान्यात जाऊन श्वास मोजून घ्या. फुंकून दाखवणाऱ्याला म्हणा, आमच्यासारखं ओठ लावून फुंक. आणि सोमवारी छाती भरली तर सोमवारी कोण मेलं ते आठवू नका, रविवारी सुट्टी होती का ते आठवा. श्रीशैलला कुणी तेवढं विचारलं असतं तर आज त्या घरात तिघं असती.